यादीतले गाव : देवनागरी नोंदी जतन करण्याविषयी



स्मृतिव्याख्यानमालेत बहुधा साहित्य, इतिहास किंवा समाजकारण यांवर बोलले जाते. आजचा विषय ऐकताना कचेरीतला वाटेल: संगणकावर तयार केलेली यादी, म्हणजे जिला आपण सर्रास ‘एक्सेल शीट’ म्हणतो ती, कोणत्या एन्कोडिंगमध्ये जतन करायची. हा विषय मी गावाच्या स्मृतीचा विषय मानतो. गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्सेसारख्या गावाची लेखी आठवण आज कशात आहे, हे पाहिले तर कारण समजेल. पंचायतीची घरपट्टीची यादी, देवस्थानच्या महाजनांची यादी, वाचनालयाची ग्रंथनोंद, बचतगटांचे हिशेब, शाळेचा पट, दूध संस्थेचे सभासद हे सगळे हळूहळू वहीतून निघून रकान्यांच्या फाइलीत गेले आहे. वहीला वाळवी लागते, पाणी लागते, ते दिसते. फाइलीतली अक्षरे जातात तेव्हा काहीच दिसत नाही, आणि ज्या क्षणी ती जातात तो क्षण ‘सेव्ह’ करण्याचा, म्हणजे आपण नोंद सुरक्षित केली असे मानतो तो असतो. माझे म्हणणे एवढेच आहे की कोणते एन्कोडिंग वापरले हा नोंदीचाच एक भाग आहे. सही, शिक्का, तारीख यांच्याइतकाच तो आवश्यक आहे, आणि तो नोंद ठेवणाऱ्याने जाणून ठरवला पाहिजे. यंत्राच्या सवयीवर सोडता येत नाही.

आधी गोष्ट कशी घडते ते नीट पाहू. संगणकाला अक्षर ठाऊक नसते, आकडे ठाऊक असतात. कोणत्या अक्षराला कोणता आकडा आणि तो फाइलीत कसा लिहायचा, याच्या ठरावाला एन्कोडिंग म्हणतात. युनिकोड या जागतिक ठरावात देवनागरीची जागा १९९१ पासून, म्हणजे पहिल्या आवृत्तीपासून, आहे. तिची मांडणी भारतातच तयार झालेल्या इस्की या प्रमाणावरून घेतलेली होती. युनिकोडमधले आकडे फाइलीत लिहिण्याच्या ज्या पद्धती आहेत त्यांतली आज सर्वत्र चालणारी पद्धत यूटीएफ-८. ती केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखली. तिच्यात साधे इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसते, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे असतात. ‘लाटंबार्से’ हे नाव घ्या: ल, काना, ट, अनुस्वार, ब, काना, र, हलन्त, स, मात्रा. चिन्हे दहा, बाइट तीस.

आता हीच यादी एक्सेलमधून ‘सीएसव्ही’ म्हणून जतन करायची वेळ येते. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामाने रकाने तोडलेला साधा मजकूर. कोणत्याही सरकारी पोर्टलवर यादी चढवायची असो, बँकेला द्यायची असो, नकाशाच्या प्रणालीत भरायची असो, मागणी बहुधा याच प्रकारची असते. एक्सेलच्या यादीत ‘सीएसव्ही, कॉमा डिलिमिटेड’ असा एक पर्याय आहे आणि २०१६ नंतरच्या आवृत्त्यांत ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असा दुसरा. पहिला पर्याय निवडला की एक्सेल विंडोजच्या जुन्या कोडपेजमध्ये फाइल लिहिते. आपल्याकडच्या संगणकांवर ते कोडपेज पश्चिम युरोपीय असते. त्यात एकूण २५६ जागा आहेत आणि त्यांत एकही देवनागरी अक्षर नाही. जे अक्षर त्यात नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले जाते. लाटंबार्से लिहिलेल्या चौकोनात दहा प्रश्नचिन्हे उरतात.

ग्रीक, अरबी, हिब्रू, थाई या लिप्यांना विंडोजच्या जुन्या काळात आपापली कोडपेजे मिळाली होती. ग्रीसमधल्या कारकुनाने निष्काळजीपणे फाइल जतन केली तरी त्याच्या संगणकावर ग्रीक अक्षरे टिकायची. देवनागरीला त्या पातळीवर तसे कोडपेज मिळालेच नाही. विंडोजमध्ये ती थेट युनिकोडच्या वाटेने आली. त्यामुळे जुना पर्याय वापरणाऱ्या मराठी माणसाचे सगळेच्या सगळे जाते, अर्धेमुर्धे नाही. ज्यांची लिपी जुन्या व्यवस्थेत मुळातच नव्हती, त्यांनाच एन्कोडिंगबद्दल जास्त जागरूक राहावे लागते. हे न्याय्य नाही, पण वस्तुस्थिती तशी आहे.

प्रश्नचिन्हांतून मूळ नाव परत मिळवता येईल का? निदान चिन्हांची संख्या तरी कळते, असे कोणी म्हणेल. आपल्याच तालुक्यात ते करून पाहू. साळ आणि मये या दोन्ही गावांची नावे तीन-तीन चिन्हांची. मुळगाव, पिळगाव, शिरगाव, नार्वे ही चारही सहा चिन्हांची. पेडण्यात गेलो तर मोरजी, धारगळ, पालये पाच-पाच चिन्हांची, आणि हरमल, केरी, मोपा चार-चार. फाइल पुन्हा उघडल्यावर यांच्यात भेद करणारे काहीही शिल्लक राहत नाही. गावांची नावे निदान मोजकी आहेत, दुसऱ्या एखाद्या रकान्यावरून ती ताडता येतील. माणसांची नावे ताडता येत नाहीत. प्रश्नचिन्ह म्हणजे ६३ हा आकडा, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी तोच ६३ लिहिलेला असतो. जगातला कोणताही तज्ज्ञ त्यातून नाव बाहेर काढू शकत नाही, कारण तेथे नाव राहिलेलेच नसते.

याहून गंभीर गोष्ट ही की हे घडताना कळत नाही. सीएसव्ही जतन करताना एक्सेल सूचना देते ती ‘काही वैशिष्ट्ये गमावली जातील’ अशा मोघम शब्दांची. रंग, सूत्रे, एकाहून अधिक पाने अशा फाइलीत राहत नाहीत हे सगळ्यांना माहीत असते, म्हणून तिकडे कोणी लक्ष देत नाही. अक्षरे जातील, असे ती सूचना सांगत नाही. जतन केल्यानंतरही पडद्यावर देवनागरी जशीच्या तशी दिसत राहते, कारण पडद्यावर अजून स्मृतीतली प्रत असते. फाइल बंद करून पुन्हा उघडेपर्यंत नुकसान दिसत नाही. तोवर ती ईमेलने पुढे गेलेली असते, किंवा मूळ फाइलीवरच लिहिली गेलेली असते.

दुसऱ्या प्रकारचा बिघाड याच्या उलट दिशेचा आहे. फाइल यूटीएफ-८ मध्ये बरोबर लिहिलेली असते. ती उघडणारा ती जुन्या कोडपेजप्रमाणे वाचतो. गूगल शीट्समधून उतरवलेली सीएसव्ही एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली की पुष्कळदा असे होते. मग प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या तीन बाइटांची तीन वेगळी युरोपीय चिन्हे होतात: तिरकी रेघ दिलेला रोमन ‘ए’, चलनाचे एक गोल चिन्ह किंवा जपानी येन, आणि तिसरे काहीतरी. पडदाभर असा गोंधळ पाहून माणूस घाबरतो. वास्तविक या स्थितीत काहीही गेलेले नसते. फाइल न बदलता बंद करावी. एक्सेलच्या ‘डेटा’ विभागातून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ या मार्गाने ती पुन्हा आणावी आणि ‘फाइल ओरिजिन’ या जागी ६५००१ क्रमांकाचा यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा. सगळी अक्षरे परत येतात.

परंतु घाबरलेला माणूस बहुधा फाइल बंद करत नाही. तो ती तशीच जतन करतो, कोणी ती ‘साफ’ करून घेतो. येथे एक तपशील मुद्दाम सांगतो, कारण मराठीसाठी तो फार महत्त्वाचा आहे. त्या पश्चिम युरोपीय कोडपेजच्या २५६ जागांपैकी पाच जागा मोकळ्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. यूटीएफ-८ मध्ये हलन्ताचा तिसरा बाइट १४१ आहे. ऱ्हस्व उकाराचा तिसरा बाइट १२९ आहे, चंद्रबिंदूचाही तोच. ‘ए’चा १४३, ‘ऐ’चा १४४, ‘झ’चा १५७. काही प्रोग्राम या मोकळ्या जागांतले बाइट मुकाट्याने सांभाळतात, काही ते टाकून देतात. टाकून देणाऱ्याच्या हातून फाइल गेली आणि नंतर कोणी ती दुरुस्त केली, उरलेले अर्धवट तुकडे गाळून टाकले, की बाकी सगळी अक्षरे परत येतात आणि नेमकी हीच चिन्हे, ऱ्हस्व उकार आणि हलन्त धरून, गेलेली असतात. लाटंबार्सेचे ‘लाटंबारसे’ होते. मुळगावचे ‘मळगाव’ होते. मळगाव हे सावंतवाडीजवळचे खरेखुरे गाव आहे, सावंतवाडीचे रेल्वे स्थानक तेथेच आहे. प्रश्नचिन्ह निदान चूक झाल्याचे ओरडून सांगते. हे दुसरे रूप वाचता येते, अर्थपूर्ण असते, आणि चुकीचे असते. नोंदीच्या दृष्टीने मला ते अधिक घातक वाटते.

‘ठ’ची कथा तशीच. त्याचा तिसरा बाइट १६०, आणि जुन्या कोडपेजमध्ये १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. यादीतल्या अनावश्यक मोकळ्या जागा काढणे हे डेटा साफ करणाऱ्याचे पहिले काम असते. गोंधळलेल्या फाइलीवर ते केले की सगळे ‘ठ’ मोडतात. ‘मराठी’ हा शब्दसुद्धा त्यातून सुटत नाही.

गोव्यात या सगळ्याला एक जास्तीची गुंतागुंत आहे, ती महाराष्ट्रातल्या वाचकाच्या लक्षात सहसा येत नाही. डिचोली, पेडणे, सत्तरी हे नव्या काबिजादींचे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे गेले आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तिकडेच राहिले. कोमुनिदादींची, म्हणजे गावकरी संस्थांची व्यवस्था, १९३३ चा देवस्थानांविषयीचा माझानींचा, म्हणजे महाजनमंडळांचा कायदा, जन्म-विवाहांची नागरी नोंदणी यांची कागदपत्रे पोर्तुगीजमध्ये झाली. त्यामुळे गोव्यातल्या एखाद्या यादीत एका रकान्यात देवनागरी मजकूर आणि शेजारच्या रकान्यात पोर्तुगीज नावे, शेपटी लावलेल्या ‘सी’ची आणि लहर काढलेल्या ‘ए’ची, असे सहज घडते. ही पोर्तुगीज अक्षरे पश्चिम युरोपीय कोडपेजमध्ये आहेत. जुन्या पर्यायाने जतन केले तर पोर्तुगीज रकाना शाबूत राहतो, देवनागरी रकाना प्रश्नचिन्हांनी भरतो. तपासणाऱ्याने फाइलीचा वरचा कोपरा पाहिला, तेथे विशेष चिन्हे असलेली नावे नीट दिसली, की तो खात्री करून पुढे जातो. एकाच फाइलीत एका भाषेचा वारसा टिकतो आणि दुसरीचा जातो, तोही कोणी तसे ठरवलेले नसताना.

यावर सर्वांत पहिला आणि सर्वांत जोरदार आक्षेप येतो तो असा: मग नोंदी रोमन लिपीतच ठेवा, म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही. गोव्यातले जमिनीचे नमुना १ व १४ रोमन अक्षरांत चालतातच. सीमेपलीकडे महाराष्ट्रात दोडामार्गचा सातबारा मराठीत असला म्हणून काय झाले? या आक्षेपाला चारशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो याच भूमीतला आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ख्रिस्तपुराण हे मराठी काव्य १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, ते रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते, म्हणून. स्टीफन्सला स्वतःला हे समाधानाचे वाटत नव्हते. १६०८ च्या पत्रात त्याने आपल्या वरिष्ठांकडे या भाषेच्या लिपीचे खिळे तयार करण्याची इच्छा कळवली होती. ती पुरी झाली नाही. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छपाई झाली, तीही रोमनमध्येच. या तिन्ही छपायांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मंगळूरला १९०७ मध्ये सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून रोमन आवृत्ती काढली, आणि शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती यायला १९५६ साल उजाडले. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे मराठी काव्य मराठी वाचकाच्या नित्याच्या लिपीत छापून येण्यासाठी तीनशे चाळीस वर्षे लागली. रोमनीकरण हा तोडगा त्या काळी अपरिहार्य होता. तो फुकटचा मात्र नव्हता.

येथे एक भेद नीट केला पाहिजे. गोव्यातली रोमी कोंकणीची परंपरा ही वेगळी गोष्ट आहे. तिला तिचे लेखनाचे नियम आहेत, ‘ट’, ‘ड’, ‘ळ’साठी अक्षर दुप्पट लिहिण्याची रीत आहे, तिचे वाचक आणि तिची नियतकालिके आहेत, तिच्यातल्या नोंदी तिच्याच लिपीत राहिल्या पाहिजेत. कचेरीतल्या याद्यांमधले रोमन तसे नसते. त्यात ‘त’ आणि ‘ट’ एकच, ‘न’ आणि ‘ण’ एकच, ‘ल’ आणि ‘ळ’ एकच. गावकर हे एकच आडनाव कोठे ‘के’ने, कोठे ‘सी’ने, कोठे मधल्या स्वराला ‘यू’ देऊन, कोठे ‘ओ’ देऊन लिहिलेले सापडते. लाटंबार्सेच्या रोमन लेखनात ‘स’साठी ‘सी’ आहे आणि शेवटी ‘एम’ आहे. तो ‘एम’ पोर्तुगीज पद्धतीने अनुनासिक दाखवतो, ‘म’ दाखवत नाही. हे ठाऊक नसलेला प्रोग्राम त्यावरून देवनागरी करू लागला की ‘लातंबरकेम’सारखे काहीतरी तयार करतो. देवनागरीतून रोमनमध्ये जाणे सोपे आहे, एक साधा नियम पुरतो. उलट येण्यासाठी गाव माहीत असलेला माणूस लागतो. म्हणून मूळ नोंद ज्या लिपीत जास्त माहिती आहे त्या लिपीत ठेवावी आणि रोमन रूप तिच्या शेजारी वेगळ्या रकान्यात द्यावे. तिच्या जागी देऊ नये.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे: सीएसव्ही हवीच कशाला, एक्सेलची मूळ फाइल ठेवा. हा सल्ला बरोबर आहे आणि मी त्याला पूर्ण दुजोरा देतो. एक्सएलएसएक्स ही फाइल आतून दाबून बांधलेला यूटीएफ-८ मजकूरच असतो. तीत देवनागरी सुरक्षित राहते. मूळ प्रत म्हणून तीच, किंवा लिब्रेऑफिसची ओडीएस, जपावी. पण यादी ही देवाणघेवाणीसाठी असते. ज्या दिवशी ती दुसऱ्या प्रणालीत जाते त्या दिवशी सीएसव्ही होतेच, आणि वीस वर्षांनंतर विशिष्ट कंपनीच्या प्रोग्रामविना उघडणारी फाइल म्हणूनही साध्या मजकुराचे मोल आहे. मूळ फाइल कायम ठेवून सीएसव्ही ही तिची प्रत म्हणून काढायची, कधीही तिच्या जागी नाही, एवढी शिस्त असली की प्रश्नचिन्हांचा धोका जवळजवळ संपतो. पीडीएफ ठेवली आहे, असे उत्तर काही कचेऱ्या देतात. पीडीएफ वाचायला चांगली. त्यातून रकाने परत काढणे म्हणजे पुन्हा सगळे टंकलेखन करण्यासारखे आहे, आणि ती जुन्या फॉन्टमधली असेल तर नक्कल केलेला मजकूर वाचताही येत नाही.

जुन्या फॉन्टचा हा मुद्दा थोडा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण गावोगावच्या मराठी फाइलींचा मोठा साठा अजून त्यातच अडकलेला आहे. युनिकोड आपल्याकडे रुळण्यापूर्वी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, सी-डॅकचे योगेश आणि सुरेख अशा फॉन्टांवर मराठीचे काम चालले. सी-डॅकचे जिस्ट तंत्रज्ञान, १९९१ चे इस्की प्रमाण हे सगळे त्या काळाचे मोठे काम आहे, त्याला कमी लेखण्याचा प्रश्न नाही. पण कृतिदेवसारख्या फॉन्टात फाइलीमध्ये साठवलेले असते ते रोमन अक्षर. फॉन्ट त्याच्यावर देवनागरी आकृती चढवतो. ‘मराठी’ या शब्दासाठी कृतिदेवच्या फाइलीत ई, जे, के, मोठा बी, एच एवढेच लिहिलेले असते. अशी यादी सीएसव्ही केली तर एकही प्रश्नचिन्ह येत नाही. बाइट सगळे शाबूत राहतात आणि अर्थ जातो, कारण सीएसव्हीत फॉन्टचे नाव लिहायला जागाच नसते. एक्सेलच्या मूळ फाइलीत प्रत्येक चौकोनाचा फॉन्ट नोंदलेला असतो, त्यावरून कोणता मजकूर खरा इंग्रजी आणि कोणता फॉन्टामागचा मराठी हे कळते. सीएसव्ही केली की तो पुरावा नष्ट होतो. म्हणून जुन्या फॉन्टच्या फाइलींबाबत क्रम ठरलेला आहे: आधी मूळ फाइलीतच युनिकोडमध्ये रूपांतर, मग तपासणी, मग सीएसव्ही. रूपांतर करणाऱ्या साधनांनाही ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांपाशी अडचण येते, कारण या फॉन्टांत ती जशी दिसतात त्या क्रमाने लिहिलेली असतात: वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. लाटंबार्सेचा रफार फाइलीत ‘से’च्या नंतर असतो, तो ‘स’च्या आधी आणून ठेवावा लागतो. तपासणाऱ्याने प्रथम अशीच नावे पाहावीत.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरी तिप्पट जागा खाते, हा आक्षेप अजूनही ऐकू येतो. इस्कीत एका चिन्हाला एकच बाइट लागत असे, हे खरे. हिशेब करू. दहा हजार माणसांची यादी, प्रत्येकाच्या नोंदीत सरासरी शंभर देवनागरी चिन्हे: तीस लाख बाइट, म्हणजे सुमारे ३ एमबी. मोबाइलने काढलेल्या एका छायाचित्राला एवढी जागा लागते. संपूर्ण पंचायतीची लेखी स्मृती एका छायाचित्राच्या जागेत बसत असेल तर काटकसरीचा मुद्दा येथेच संपतो.

सॉफ्टवेअर सुधारत आहे, काही वर्षांत हा प्रश्न आपोआप मिटेल, असे म्हणणाऱ्यांशी मी अर्धा सहमत आहे. जगातील बहुतेक सगळी संकेतस्थळे आता यूटीएफ-८ मध्ये आहेत. केंद्र सरकारने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच प्रमाण म्हणून स्वीकारले. तरीही जुना पर्याय एक्सेलच्या त्याच यादीत, जवळजवळ त्याच नावाने बसलेला आहे, आणि नव्या आवृत्त्या घेण्याची ऐपत प्रत्येक संस्थेची नसते. शिवाय सीएसव्हीचा मूळ दोष सॉफ्टवेअर सुधारून जाणारा नाही. या प्रकारच्या फाइलीत आपण कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहोत हे सांगायला नेमून दिलेली जागाच नाही. उघडणाऱ्याला अंदाज करावा लागतो. त्यावर उपाय म्हणून एक्सेल यूटीएफ-८ फाइलीच्या अगदी सुरुवातीला २३९, १८७, १९१ असे तीन बाइट ओळखीची खूण म्हणून लिहिते. प्रोग्रामर मंडळींना ही खूण आवडत नाही. काही प्रणाली ती पहिल्या रकान्याच्या नावाचाच भाग समजतात आणि मग तो रकाना ‘सापडत नाही’. त्यांची तक्रार खरी आहे. तरी गावपातळीवर फाइल पुन्हा उघडणारा बहुधा एक्सेलच वापरणार आहे, म्हणून खूण ठेवावी, असे माझे मत आहे. ज्या प्रणालीला ती चालत नसेल तिच्यासाठी वेगळी प्रत काढता येते. गेलेले अक्षर मात्र काढता येत नाही.

ओघात आणखी एक गोष्ट, एन्कोडिंगची नव्हे पण त्याच दारातून येणारी. सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट उघडली की सर्व्हे क्रमांक १२/१ हा तारीख समजला जातो. जमिनीच्या याद्या ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये. जनुकांची नावे एक्सेल तारखा समजते म्हणून मानवी जनुकांच्या नामकरण समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावेच बदलली. सर्व्हे क्रमांक बदलण्याची सोय आपल्याला नाही, म्हणून आयात करताना तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून नेमावा लागतो.

बरोबर एन्कोडिंग निवडले की सगळे साधले, असेही मी म्हणत नाही. युनिकोडच्या आतही मराठीचे काही प्रश्न आहेत. ‘कऱ्हाड’मधला अर्धा ‘र’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो, दिसायला एकच, साठवायला भिन्न. शोध घेताना एक सापडतो, दुसरा सापडत नाही. ‘ॲ’साठी स्वतंत्र जागा युनिकोडमध्ये २००८ मध्ये आली, त्यापूर्वीचा मजकूर ‘अ’वर चंद्र ठेवून लिहिलेला आहे. हे प्रश्न सोडवता येतात, कारण अक्षरे फाइलीत असतात. प्रश्नचिन्हांच्या फाइलीवर असा कोणताही विचार करता येत नाही.

मग करायचे काय, ते थोडक्यात. प्रत्येक यादीबरोबर दोन ओळींची टीप ठेवावी: एन्कोडिंग यूटीएफ-८, कोणत्या प्रोग्रामने, कोणत्या तारखेला, कोणी काढली. पाठवण्यापूर्वी फाइल बंद करून पुन्हा उघडावी. चाचणीसाठी यादीच्या दुसऱ्या प्रतीत एक ओळ अशी घालावी जिच्यात उकार, हलन्त, ‘ठ’, ‘झ’ आणि ‘ए’ सगळे आहेत. मुळगाव आणि लाटंबार्से ही दोन नावे त्यातली उकार आणि हलन्त यांची गरज भागवतात. लिब्रेऑफिस सीएसव्ही उघडताना एन्कोडिंग विचारते, ते विचारणे कटकट न मानता वाचून उत्तर द्यावे.

आणि कामाची सुरुवात नव्या याद्यांपासून करू नये. नव्या याद्या चुकल्या तर लोक आहेत, विचारता येईल. सुरुवात जुन्या फॉन्टमधल्या फाइलींपासून करावी. ज्या संगणकांवर ते फॉन्ट बसवलेले आहेत ते एकेक करून भंगारात जात आहेत. ज्यांना त्यांचे कळफलक बोटांनी पाठ होते ते टंकलेखक निवृत्त झाले आहेत, पण गावात आहेत. फाइल, फॉन्ट आणि ती वाचू शकणारा माणूस ही तिन्ही एकाच ठिकाणी मिळण्याची शक्यता आज जेवढी आहे तेवढी पाच वर्षांनी असणार नाही. लाटंबार्से, मेणकुरे, साळ यांच्या ग्रंथालयांनी, देवस्थानांनी आणि पंचायतींनी मिळून येत्या मे महिन्याच्या सुटीत महाविद्यालयीन मुलांना या माणसांच्या शेजारी बसवावे, जुन्या फाइलींची आधी नुसती यादी करावी, प्रत्येकीसमोर फॉन्टचे नाव लिहावे, आणि एकही मूळ फाइल न पुसता रूपांतराला हात घालावा.